दोन लहान, एक मोठा

नवा रेडिओ जुन्यापेक्षा दोन पूर्णांक चार दशांश सेकंद मागे बोलत होता. तिने तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तेवढंच आलं. नवल काही नव्हतं. डिजिटल रेडिओ आवाजाचे तुकडे करतो, तपासतो, जुळवतो आणि मग बोलतो. तेवढा वेळ जाणारच. दोन्ही रेडिओ शेजारी ठेवल्यामुळे खोलीत प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येत होतं.

"हा नवा म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई," आई आरामखुर्चीतून म्हणाली. "सगळ्यांचं हसून झालं की हसणार."

प्रक्षेपण केंद्रात लेक मोजणी विभागाची इंजिनियर होती. माघारी तिला सगळे फूटपट्टी म्हणत, आणि ते तिला माहीत होतं. जुनं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद करावं की नाही, हे भिजत घोंगडं वर्षभर पडलं होतं. समितीतले निम्मे म्हणत, दोन-दोन यंत्रणा सांभाळणं आता पुरे. उरलेले निम्मे म्हणत, डोंगराआडच्या घरांत डिजिटल एक तर लख्ख येतो नाहीतर येतच नाही. जुना खरखरतो, पण येतो. शेवटी केंद्रप्रमुखांनी हात टेकले. फूटपट्टी मोजून सांगेल तसं करू, म्हणाले. आईचं घर डोंगराआडच होतं, म्हणून मोजणी तिथे चालली होती.

अहवालाची तारीख तिने दोनदा पुढे ढकलली, ती खोकल्यामुळे.

रेकॉर्डरवर ती तीन आवाज वेगवेगळे घेत होती: जुन्या रेडिओतून थेट तारेने, नव्यातून थेट तारेने, आणि खोलीतला माइकने. आईला कोरड्या खोकल्याची जुनी सवय होती. दोन लहान, एक मोठा. क्रम कधी चुकायचा नाही. पहिल्याच दिवशी जुन्या रेडिओच्या तारेवर, बातम्यांच्या खाली, तो खोकला सापडला. जुन्या रेडिओतले सुटे भाग आवाजाने थरथरतात, थोडेफार माइकसारखे वागतात. तसं तिने वहीत लिहिलंसुद्धा. मग दोन आलेख एकाखाली एक लावले.

तारेवरचा खोकला खोलीतल्या खोकल्याच्या आठ दशांश सेकंद आधी होता.

तिने तारा बदलल्या. रेकॉर्डर बदलला. दहाचे ठोके बरोबर दहालाच पडत होते, निवेदिकेचा आवाज जिथल्या तिथे होता. आधी ऐकू येत होती ती फक्त खोली. दुसऱ्या आठवड्यात नऊ सेकंद आधी. तिसऱ्या आठवड्यात हेडफोन लावून बसली असताना तिला चमचा पडल्याचा आवाज आला. तिने वळून पाहिलं. चमचा बशीत होता. पाऊण मिनिटाने आईचा हात लागून तो पडला.

त्या दिवशी तिने विचारलं, "आई, तुला या जुन्या रेडिओत काही वेगळं ऐकू येतं का गं?"

"मी खोकते ते? येतं की. म्हणून तर पेला हाताशी घेते."

"कधीपासून?"

"झाली बरीच वर्षं. आधी पेल्याकडे हात जाईपर्यंत खोकला सुरूच व्हायचा. हल्ली सोय झालीय, उठून पाणी भरून आणता येतं. परवा न्हाणीघरात पडले ना, तेव्हाही धप्प असं आधी ऐकलं होतं. म्हणून भिंत धरून चालले. पडायची ती पडलेच, पण डोकं वाचलं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर मोजत बसली असतीस." आई हसली. मग हसू ओसरलं. "नव्यात काहीच येत नाही गं. मी ऐकून पाहिलं. हा बंद केलात, तर मला सांगणार कोण?"

अहवालात लिहिता येईल असं हे कारण नव्हतं.

शुक्रवारी अकराला समिती बसणार होती. केंद्रप्रमुख बैठकीतूनच फोन करणार होते. रात्रभरात तिचं ठरलं होतं: चालू ठेवा. डोंगराआडच्या घरांचं कारण पुढे करायचं. ते खोटंही नव्हतं. आई भरलेला पेला मांडीवर धरून बसली होती. अकराला सहा मिनिटं कमी होती, आणि निवेदिका हवामान सांगत होती.

हवामानाखाली फोन वाजला.

तिने टेबलाकडे पाहिलं. फोन गप्प होता. रेडिओत केंद्रप्रमुखांचा आवाज आला, स्पीकरवर येतो तसा पातळ. "बोला मॅडम, काय ठरलं?" मग आईचा खोकला. एक. दोन.

मग काहीच नाही. सवयीने ती सेकंद मोजत राहिली. अकराव्या सेकंदानंतर तिचा स्वतःचा आवाज आला, सपाट.

"बंद करा."

"हे मी का म्हणेन?" ती मोठ्याने म्हणाली.

आई मान कलती करून ऐकत होती. निवेदिकेच्या आवाजाखाली कुणीतरी श्वास घेत होतं. एकच जण. त्या श्वासात आईची घरघर नव्हती.

"मोठा आला नाही," आई म्हणाली. तिने पेला उचलून टेबलावर ठेवला, हात पोचणार नाही इतका लांब. "पाणी राहू दे आता."

तिने दवाखान्यात फोन लावला. गाडी निघते म्हणाले. वीस मिनिटं.

"अगं, धावपळ कशाला? बस इथे."

ती बसली. आईने तिचा हात धरला. आईचा हात गरम होता, नाडी बहात्तर. ती पुन्हापुन्हा मोजत राहिली. चालू ठेवा, चालू ठेवा, असं मनात घोकत राहिली. शब्द तिचे होते. तिने वेगळे उच्चारले तर पुढचंही वेगळं होईल.

फोन वाजला. एक हात अडकलेला होता, म्हणून तिने स्पीकर लावला.

"बोला मॅडम, काय ठरलं?"

तिने तोंड उघडलं. आई खोकली.

एक.

दोन.

तिने वाट पाहिली. चार. पाच. टेबलावरच्या पेल्यातलं पाणी हललं नाही. सात. हातातली पकड सैल झाली. नऊ. जुना रेडिओ खरखरत होता. या खोलीत आता ती एकटीच होती, म्हणजे यापुढे तो सांगणार होता ते फक्त तिचंच.

अकरा.

"बंद करा," ती म्हणाली.