थरथरीच्या पुढचा वेग

बाईंचं पत्र येऊन बरेच दिवस झाले होते आणि मी उत्तर दिलं नव्हतं. दिलं नव्हतं म्हणजे... लिहिलं होतं, अनेकदा. पण माझा उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला. स्वतःचं पत्र वाचायला घेतलं तरी हात लाल पेनाकडे जातो. हा शब्द जरा धीट झाला, हे वाक्य या वयात शोभत नाही... असं करत कागदावर ‘सप्रेम नमस्कार’ एवढंच उरायचं. मग ‘सप्रेम’वरही रेघ.

प्रश्न साधाच होता. मुलीकडे राहायला गेलेल्या बाईंनी विचारलं होतं : ‘लेक म्हणते, आता कायमची इथेच राहा. महिनाअखेर तिला सांगायचंय. तुम्हाला काय वाटतं?’

आमची ओळख हार्डवेअरच्या दुकानातली. मी तेव्हा घरी एक यंत्र बनवत होतो. संगणकावर अक्षर काढायचं, की यंत्रातलं गरगर फिरणारं कटर ते लाकडात कोरून देतं. वाचनालयाच्या कपाटांना पाट्या हव्या होत्या आणि मला उद्योग.

“मोटर कशी देऊ?” दुकानदाराने विचारलं.

“हळू चालणारी,” मी म्हणालो.

मागून कुणीतरी खुदकन हसलं. “अहो, चालवणारा घाबरट असला की सगळ्याच मोटरी हळू चालतात!”

मी वळलो. रुपेरी केस, मुठीत चार बोल्ट आणि चष्म्याआडचे दोन मिश्कील डोळे. तंत्रशाळेत यंत्रकाम शिकवून निवृत्त झालेल्या बाई. दुकानदारासकट सगळे त्यांना नुसतं ‘बाई’च म्हणत.

“बघायला येऊ का तुमचं यंत्र?”

“नको... म्हणजे, या ना. जरा पसारा आहे.”

“यंत्राचा की तुमचा?”

“दोन्हीचा,” मी म्हणालो आणि कानापर्यंत लाल झालो.

त्या खरंच आल्या. माझ्या पुतणीने दार उघडलं, त्यांना आत घेतलं आणि माझ्याकडे बघून भुवया अशा काही उंचावल्या की मला संगणकामागे लपावंसं वाटलं. जुन्या लिहिण्याच्या मेजाचा सांगाडा, त्यावर ड्रॉवरच्या पट्ट्यांवर सरकणारी फळी, फळी सरकवायला दोन मोटरी आणि वर कटर. मी यंत्र सुरू केलं. कटर जोरात फिरू लागलं, पण खालची फळी मुंगीच्या पावलाने निघाली.

बाईंनी नाक वर करून वास घेतला. “काय जळतंय?”

“शेजारी रोजच काहीतरी करपतं. या यंत्राशी बसलो की हमखास वास येतो.”

“अहो प्रूफवाले, शेजाऱ्यांवर कसले आळ घेताय? तुमचंच लाकूड जळतंय!” त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. “फळी पुढे सरकत नाही, म्हणून कटर एकाच जागी घासत बसतं. कापायच्या ऐवजी भाजतं. वेग वाढवा.”

“वाढवला की मोटर थरथरते हो. मेजसुद्धा हलतं. म्हणून मी लगेच कमी करतो.”

“तिथेच तर चुकतं.” त्यांनी माझा हात बाजूला केला. केला, पण लगेच सोडला नाही. “काही मोटरींचा एक वेग असा असतो, तिथे त्या थरथरतातच. तिथून मागे फिरायचं नसतं. पुढे जायचं.”

त्यांनी वेगाचं बटण फिरवलं. मोटर घरघरली, मेजावरचा कप बशीत नाचू लागला. माझी बोटं बटणाकडे धावली. “थांबा,” त्या हळूच म्हणाल्या. अजून थोडं फिरवलं... आणि घरघर विरून गेली. फळी पाण्यावरून गेल्यासारखी सरकू लागली, कोवळ्या लाकडाचा गंध सुटला. भुसा उडून त्यांच्या भुवयांवर बसला. पुसावासा वाटला. पुसला नाही.

मला मात्र चेव चढला. मी बटण पार शेवटपर्यंत नेलं. मोटर किंचाळली, अडखळली आणि अक्षराचा काना भलतीकडेच जाऊन पडला.

“आणि हे अती!” बाईंनी कपाळाला हात लावला. “तुम्हाला मधलं काही जमतच नाही का हो?”

“शिकवायला येत जा की,” माझ्या तोंडून निघून गेलं. मी स्वतःच दचकलो.

त्या येत गेल्या. मग लेकीला बाळ झालं आणि बाई तिकडे गेल्या.

परवा दुपारी पुतणी माझी केराची टोपली रिकामी करत होती. चुरगळलेले कागद बघून म्हणाली, “काका, महिना संपत आला. पेन ठेवा आता. खोडता येणार नाही असं काहीतरी लिहा.”

मी लाकडाची चौकोनी पाटी यंत्रात बसवली. संगणकावर दोनच शब्द काढले आणि यंत्र सुरू केलं. हात सवयीने वेग कमी ठेवून बसला. पहिल्या अक्षराला जळका वास आला. या खेपेला शेजाऱ्यांकडे बघितलं नाही. वेग वाढवला. मेज हललं, कप नाचला, आणि खरं सांगतो, माझी छातीही. मागे फिरलो नाही.

घरघर विरली.

पाटी हातात घेतली. ‘परत या.’ अक्षरं स्वच्छ, फक्त ‘प’ची कड काळी पडलेली. दुसरी करावी का? नवी पाटी हातात घेतलीसुद्धा होती... खाली ठेवली. ती काळी कड कशाची, हे जगात एकाच माणसाला कळणार होतं.

पुतणीने पुडकं बांधलं. मी वर पत्ता लिहिला आणि टपाल कचेरी गाठली.

“आत काय आहे?” खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

“लाकूड.”

“मग मोडायची भीती नाही.”

“भीती आहे,” मी म्हणालो. “पण पाठवा.”

त्याने धाडकन शिक्का मारला.