दुकानातल्या सॉसची थाई करी

थाई करी सॉसची एकच बाटली फळीवर उरली होती, आणि तिच्यावर दोन हात एकदमच पडले. एक तिचा. दुसऱ्याच्या नखांत काळं ग्रीस होतं.

"मी आधी धरली," ती फणकारली.

"धरलीत खरी... पण मान माझ्या हातात आहे. बाटलीची म्हणतोय!"

चष्म्याच्या दुकानात दिवसभर डोळे तपासणाऱ्या तिला एवढे मिश्कील डोळे क्वचितच भेटले होते. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. तिच्या इमारतीची लिफ्टही त्याच्याकडेच होती. शेवटी बाटली तिची, नारळाचं दूध त्याचं आणि जेवण तिच्या घरी, असा तह झाला. त्यानंतर त्या लिफ्टला दर रविवारी तपासणीची गरज भासू लागली.

तिची आई पाककलेचे वर्ग चालवायची. तयार सॉस म्हणजे तिच्या लेखी घोर पाप. शिष्यांनी दर रविवारी वाटणाचा, खलबत्त्यासकट, फोटो पाठवायचा असा दंडक होता आणि लेकीलाही सूट नव्हती. मग लेक खलबत्त्याला चमचाभर सॉस चोपडायची आणि बिनदिक्कत फोटो पाठवायची.

तिसऱ्या रविवारी त्याने ते पाहिलं आणि तो पोट धरून हसला. मग एकाएकी गंभीर झाला.

"आईंना माझ्याबद्दल काय सांगितलंस?"

"सांगितलं ना... लिफ्टवाला येतो म्हणून."

"लिफ्ट दुरुस्त करायला?"

ती करी ढवळू लागली.

"सॉस लपव हवा तर," तो म्हणाला. "पण मलाही लपवणार असशील, तर मी आता येणार नाही."

तो जेवला, आपलं ताट घासलं आणि निघून गेला. तिला रडू कोसळलं, आणि मग स्वतःचाच भयंकर राग आला. अठ्ठावीस वर्षांची घोडी झाले, आणि अजून आईच्या धाकाने खलबत्ते रंगवतेय!

पुढच्या रविवारी तिने दोघांनाही जेवायला बोलावलं. बाटली टेबलाच्या मधोमध ठेवली, लेबल आईच्या खुर्चीकडे करून.

आईने एक घास घेतला. "वाटण कुणाचं?"

"कारखान्याचं. आजवरचे सगळे फोटो खोटे होते, आई."

"माझ्या लेकीने बाटली उघडावी? वर्गात कुठल्या तोंडाने शिकवू मी?" आईने चमचा आपटला आणि समोर बसलेल्या त्याच्याकडे बोट दाखवलं. "आणि हे कोण?"

ती उठून उभी राहिली. आवाज खणखणीत निघाला.

"माझं प्रेम आहे याच्यावर. तू हो म्हण, नाही म्हण... मी लग्न करणार ते याच्याशीच."

त्याला जोरात ठसका लागला. "मला... मला कधी विचारलंस?"

"आत्ता विचारते. करशील?"

"करीन!" तो खोकतखोकतच म्हणाला.

आईने पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे सरकवला, पण रागानेच.

"आधी नीट गिळा, मग काय ते बोला. आणि तू गं... लग्न कर नाहीतर काहीही कर, या बाटलीला मी चांगलं म्हणणार नाही."

"नको म्हणूस," ती म्हणाली, आणि आईच्या डोळ्यांदेखत तिने त्याचा हात घट्ट धरला.