पाच नंबरची जोडी

"जोडी नंबर एक?"

"हजर!"

"दोन?"

"हजर, हजर, हजर!"

"एकदाच म्हणायचं रे! तीन?"

ओंकारसरांची मोजणी म्हणजे एक सोहळाच असायचा. कमरेवर हात, गळ्यात शिट्टी आणि आवाज असा, की पलीकडच्या डोंगरावरच्या शेळ्यांनीही माना वर कराव्यात! सोळा मुलं, आठ जोड्या. जोडीतला एकजण ओरडला की दोघांची हजेरी लागायची. झटपट काम! दिवाळीच्या सुट्टीतल्या या चार दिवसांच्या मोहिमेत सांदण दरी झाली, रतनगड झाला आणि आज शेवटच्या दिवशी होती कळसूबाई. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर!

"आठ?"

"हजर!" मोनिका ओरडली. तिची जोडीदार रेश्मा वीस पावलं मागे उभी होती, पण मोनिकाने वळून पाहिलंसुद्धा नाही.

सोळांतली चौदा मुलं नगरच्या एकाच शाळेतली होती. बाहेरची दोनच. श्रीगोंद्याची रेश्मा आणि पारनेरचा जस्टिन. "सगळ्यांनी मिसळायला हवं!" असं म्हणून सरांनी त्या दोघांना वेगवेगळ्या जोड्यांत टाकलं होतं. मिसळायचं कसं, हे मात्र सांगायचं राहून गेलं.

पहिल्याच संध्याकाळी रेश्मा उत्साहाने म्हणाली होती, "लई भारी हाय इथं!" झालं! मोनिका आणि एंजल अर्धा तास एकमेकींना तेच म्हणून दाखवत खिदळत होत्या. त्या काही वाईट मुली नव्हत्या. पण रेश्माने त्या दिवसापासून तोंड मिटलं ते मिटलंच. जेवायला ती अशा जागी बसायची, की आपल्याला सगळे दिसावेत पण आपण कुणाच्या फारसे नजरेत येऊ नये. कधी ओट्याचं टोक, कधी झाडाचा आडोसा. अशा जागा तिला आता लांबूनच ओळखू यायच्या.

जस्टिनचंही तेच. त्याचा जोडीदार ओम सकाळी शिट्टी वाजली की जो आपल्या दोस्तांत पळायचा, तो जेवणापर्यंत दिसायचा नाही. त्यामुळे तीन दिवस रांगेच्या शेवटी दोघंच चालत होती, रेश्मा आणि जस्टिन, दहा पावलांचं अंतर ठेवून. एकदाही बोलली नाहीत. गप्प राहायची सवय लागली, की सुरुवात कुणी करायची तेच कळत नाही.

आज दुसऱ्या लोखंडी शिडीच्या वर जस्टिन एका दगडावर बसून बुटाची नाडी बांधत होता. रेश्मा त्याच्याजवळून गेली. त्याने मान वर केली. 'थांबू का?' हे शब्द तिच्या अगदी ओठांवर आले होते. पण ती काही न बोलता पुढे गेली.

खरं म्हणजे सरांनी सगळ्यांच्या मागे चालायचं, असं ठरलं होतं. पण आज ऊन छान पडलं होतं, फोटो छान येत होते आणि पालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप वाट बघत होता! सर केव्हाच पुढे गेले होते. वाटाड्या बजरंगमामा तर सगळ्यांत पुढेच असायचे. मागे कुणीच नव्हतं.

शिखराच्या खाली विहिरीजवळ मोजणी झाली.

"पाच?"

"हजर!" ओमचा आवाज घुमला.

रेश्माने मागे पाहिलं. जस्टिन कुठे दिसत नव्हता. पण पाच नंबर हजर म्हणजे तोही हजर. आपण पाणी पीत होतो तेव्हा पुढे गेला असेल, असं तिला वाटलं.

शेवटची शिडी चढून सगळे माथ्यावर पोचले आणि एकच गलका झाला! "पोचलो! पोचलो!" कुणी देवळाची घंटा वाजवली, कुणी वाऱ्यात टोपी धरून उड्या मारल्या. जो तो कुणाच्या ना कुणाच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढत होता. एवढ्या उंचावर येऊन रेश्माला कोणाला तरी सांगावंसं वाटत होतं, की ते बघ धरणाचं पाणी. पण सांगणार कोणाला? तिचे डोळे भरून आले. वाऱ्याने आले असं म्हणता आलं असतं, पण तसं विचारायलाही कुणी नव्हतं.

मग तिला जस्टिनची निळी टोपी आठवली. तोही असाच एकटा उभा असणार. आता जाऊन बोलायचंच! तिने देवळाला चक्कर मारली. माथा तो केवढा, अंगणाएवढा. तिने दुसरी चक्कर मारली. निळी टोपी नव्हती.

ती धावत सरांकडे गेली.

"सर, जस्टिन न्हाई इथं!"

"अगं, आत्ताच मोजणी झाली ना?" सर मोबाईलमधून डोकं न काढता म्हणाले. "आठच्या आठ जोड्या हजर! असेल देवळामागे."

"मी बघितलं की!"

"परत बघ. हसा रे सगळे! एक, दोन..."

रेश्मा तशीच उभी राहिली. मग तिने तीन दिवसांत जे केलं नव्हतं ते केलं. ती थेट मोनिकाच्या घोळक्यात घुसली.

"मोनिका, जस्टिन हरवलाय."

"काहीतरीच! ओम ओरडला की हजर म्हणून."

"ओम ओरडला. जस्टिन दिसला का तुला?"

मोनिका हसायला गेली, पण थांबली. तिने इकडेतिकडे पाहिलं. "एंजल, तुला?"

"नाही गं," एंजल म्हणाली. "पण सर आता पुन्हा मोजणारच नाहीत. बघ ना, फोटोच चाललेत!"

"मंग फोटोच काढायला लावू," रेश्मा म्हणाली. "जोडीजोडीनं. जोडीदाराचा हात धरून, हात वर!"

मोनिका तिच्याकडे बघतच राहिली. मग तिने आपला खणखणीत आवाज लावला. "सर! ग्रुपवर टाकायला एकदम झकास आयडिया! सगळ्या जोड्या, हात धरून, हात वर! खाली लिहायचं, 'आमच्या जोड्या शिखरावर!'"

"वा, मोनिका, वा!" सर खूश झाले. "चला रे, जोडीदाराचा हात धरा! पटापट! हात वर!"

सात जोड्यांचे हात वर गेले. पाच नंबरच्या जागी ओम एकटाच उभा होता. त्याने हात वर केला होता, पण त्या हातात कुणाचाच हात नव्हता.

सरांचा मोबाईल खाली आला. "ओम? तुझा जोडीदार कुठंय?"

"सर... मी रोजच दोघांचं ओरडतो. बघत नाही," ओम पुटपुटला. "असेल मागे, असं वाटतं."

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. रेश्माने दुसऱ्या शिडीच्या वरच्या दगडाची गोष्ट सांगितली आणि बजरंगमामा ताडकन उठले.

"सर, तुमी हितंच ऱ्हा. पोरं हलू देऊ नका, आन् येकेकाचं तोंड बघून मोजा! पोरी, तू चल माझ्यासंगं. जागा तुला ठाव हाय."

"मीपण येतो!" ओम म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता.

तिघं भराभर शिड्या उतरली. तो दगड रिकामाच होता. मामांनी डाव्या बाजूला वाकून पाहिलं आणि ते झटकन मागे सरकले.

"काय झालं, मामा?"

"त्या अंगाला कडा हाय," ते हळूच म्हणाले.

"जस्टिन! ए जस्टिन!" ओमने हाका मारून घसा कोरडा केला. उत्तर नाही. मामा कड्याच्या बाजूने शोधायला लागले.

रेश्मा मात्र दगडापाशी उभी राहून चारी बाजूंना पाहत होती. मी असते तर कुठे बसले असते? वाट दिसेल, पण वाटेवरून मी दिसणार नाही... आणि तिला ती जागा दिसली. वाटेच्या उजवीकडे, जरा वर, कारवीच्या दाट झुडपांमागे एक मोठा खडक होता. ती झुडपांपर्यंत गेली. हाक मारायला तिने तोंड उघडलं, पण बाहेर आलं ते वेगळंच.

"जस्टिन, मी रेश्मा. मघाशी तुझ्याजवळनं गेले. थांबावं वाटलं, पन थांबले न्हाई. लई चुकलं माझं."

क्षणभर नुसता वारा वाहत होता. मग खडकामागून आवाज आला, "इथे आहे मी."

जस्टिन खडकाला टेकून बसला होता. त्याचा उजवा घोटा टम्म सुजला होता.

"मामा! सापडला! सापडला!" रेश्मा किंचाळली.

"आडोशाला आलो होतो, पाय घसरला," जस्टिन म्हणाला. "आधी खूप ओरडलो."

"अरे, मग मी एवढ्या हाका मारल्या तेव्हा ओ का दिली नाहीस?" ओमने धापा टाकत विचारलं.

जस्टिनने खाली पाहिलं. "वरून मोजणी ऐकू आली ना मला. पाच नंबर हजर! तू मला हजर करूनच टाकलं होतंस. म्हटलं, माझ्यावाचून सगळं पुरं आहे, तर कशाला ओरडायचं?"

ओम खाली बसला आणि जस्टिनच्या बुटाची नाडी हळूहळू सोडायला लागला. डोळे पुसायलाही त्याचा हात मोकळा नव्हता.

दुपारी सगळे खाली बारी गावात मामांच्या ओट्यावर जमले. मामांनी जस्टिनला पाठीवर घालून उतरवलं होतं. पाय मुरगळला होता, मोडला नव्हता. सरांनी त्याच्या वडिलांना स्वतः फोन लावला आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. मग ते मुलांसमोर उभे राहिले.

"चूक माझी. मी मागे राहायचं होतं, राहिलो नाही. रेश्मा, तुझं ऐकलं नाही, माफ कर."

"ही पोरगी हुती म्हनून पोर गावलं!" मामा म्हणाले. "वीस वरसं ह्यो डोंगर चढतोय मी, तरी त्या खडकामागं बघायचं माझ्या डोक्यात आलं न्हाई. शाब्बास! पन पोरी, तुला कसं कळलं गं, त्यो तिथंच आसंल म्हनून?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि उत्तर ऐकायला कान टवकारले. रेश्मा ओट्याच्या टोकाला बसली होती.

"चार दिस मी बी तसल्याच जागी बसतीय," ती म्हणाली.

टाळ्या थांबल्या. सरांनी मान खाली घातली. एंजलने मोनिकाकडे पाहिलं आणि मोनिकाचे कान लाल झाले. मग ती उठली आणि ओट्याच्या टोकाशी आली.

"सरक ना जरा," ती म्हणाली.

ओट्यावर जागा भरपूर होती. तरी रेश्मा सरकली.