तुपाच्या धारेखालचा हात

घार म्हणजे अंडी चोरणारी जात. हवेत उडता पांढरा चेंडू तिनं पाहिला, अंडं समजून पंजात धरला, आन् काही जमेना तसा दिला सोडून. तो पडला नेमका सत्यभामाच्या ताकाच्या मडक्यात. सारं बुलढाणं असंच सांगते. ज्याले पटत नसंल त्यानं घारीले इचारावं.

महाराष्ट्र तेव्हा नवा नवाच झाला होता. घाटावरच्या त्या गार गावात गोरे साहेब एक मुरमाड मैदान मागं सोडून गेले होते. त्यात ठिकठिकाणी खड्डे. वाकड्या टोकाच्या काठीनं चेंडू मारत मारत एकेका खड्ड्यात घालायचा, ज्याचे टोले कमी तो जिंकला. गोल्फ म्हणत त्याले. मैदानाच्या बांधाले लागून भगवंतरावाचं वांग्याचं वावर होतं, आन् सत्यभामा त्याची एकुलती लेक.

चेंडू शोधत आला तो तुळशीराम. बांधकाम खात्यात नकाशे काढायचा. खेळणारे साहेब कमी पडले म्हणून याले घेतलं होतं, तर हा साऱ्यायच्या पुढं निघाला. उंच, सडपातळ... ओठ मात्र कोरडे पडलेले.

"माहा चेंडू पायला का?"

"पायला ना. ताक पेऊन राह्यला तो."

त्यानं मडक्यात वाकून पाहिलं, हसला नाही, आन् हळूच म्हणाला, "मंग त्याच्यासंगं मलेही द्या थोडं."

तिनं पेला दिला. घेताना त्याचा हात थरथरला — तिनं तो हातच पाहिला आधी, चेहरा मागून. सकाळपासून काय खाल्लं, असं तिनं इचारलं. दोन कप चहा, आन् मधात क्लबातली भजी. शेवटचे खड्डे आले की हात आपलं ऐकत नाही, असं तो खाली पाहत बोलला. ते त्यानं कोणालेच सांगितलं नव्हतं.

भगवंतरावाची बैलजोडी शंकरपटात पळायची, आन् तिचं चारापाणी सत्यभामाच्या हाती. पळायच्या दिवशी सरकीची ढेप नाही, पोटभर वैरण नाही, पाणी द्यायचं तेही थोडं थोडं. तोच हिशेब तिनं याले लावला. पण पयल्याच इतवारी फसली. खेळाच्या तोंडावर मूठभर भिजले चणे चारले, आन् बिचारा मैदानात पोट धरून बसला.

पुढच्या इतवारी तो बांधावर येऊन गंभीरपणे म्हणाला, "मी बैल नोहो."

"ते दिसलंच. बैल इतके कुरकुरत नाईत."

मग दोघायनं मिळून जमवलं. सकाळी लवकर भाकर-दही. खेळाच्या मधात गूळ-शेंगदाणे. मीठ-जिरं घातलेलं ताक, तेही घोट घोट. हातातली थरथर गेली. ती तिच्या हातात आली मात्र... इतवार उजाडला की वांगी तोडता तोडता देठाचे काटे रुतायचे, आन् तिले कळायचंही नाही.

तुळशीरामानं मध्यस्थाकडून मागणं धाडलं. त्याची माय अन्नपूर्णाबाई डोणगावची. नवरा लवकर गेला, दुष्काळाच्या सालात लेक उपाशी झोपताना तिनं पाहिला होता. तेव्हापासून घराची पारख ती तुपावरून करायची. पोरगी पाहायले तिनं इतवारच धरला. त्याच दुपारी अकोल्याच्या क्लबाशी कपाचा सामना होता. लेकानं सांगून पाहिलं, तर म्हणे चेंडू कुठं पळून चालला?

भगवंतरावानं पुरणपोळीचा घाट घातला. पाहुणा पानावरून उठला पाहिजे तो लोळत, अशी या भागाची रीत. वाढायले सत्यभामा. तिनं तुळशीरामाले एक पोळी वाढली, तुपाचे दोन थेंब टाकले, आन् पुढं निघून गेली.

अन्नपूर्णाबाईनं ते दोन थेंब पाहिले.

"पोरगी देखणी हाये," अन्नपूर्णाबाई म्हणाली, "पन हात आखडता हाये. माह्या लेकानं लय उपास काढले. मले तशी सून नको."

सत्यभामा पेचात पडली. खरं सांगावं तर बांधावरच्या भेटी उघड होतात, न सांगावं तर हा हातचा जातो. तेवढ्यात अपमानानं लाल झालेला भगवंतराव स्वतः उठला. कढत तुपाचं भांडं त्यानं तुळशीरामाच्या पानावर ओतायले धरलं. तुळशीरामानं मान खाली घातली. होणाऱ्या सासऱ्याच्या तुपाले नाही कसं म्हणावं?

सत्यभामानं आपला हात पानावर आडवा धरला. धार हातावर पडली. तिनं हात काढला नाही.

"सत्ये... काऊन?"

"बाबा, पटाच्या दिवशी आपन बैलायले ढेप देतो का?"

भगवंतरावाच्या हातातलं भांडं खाली आलं. अन्नपूर्णाबाईनं मात्र तिच्याकडं रोखून पाहिलं. "माह्या लेकाच्या पोटाचं तुले काय माहीत व?"

तुळशीरामानं पान बाजूले सारलं. "माय, दर इतवारी मी यांच्या बांधावर येतो. ताक पेतो. चेंडू काही आपोआप हरवत नाई... मीच मारतो तिकडं."

अन्नपूर्णाबाई उठली. हो नाही, ना नाही. पोरीचा हात तिनं गार पाण्यात धरला, पदराची चिंधी फाडून बांधला, आन् एवढंच म्हणाली की खेळ झाल्यावर सांगीन.

सारे बांधावर जाऊन उभे राह्यले. उन्हं उतरली, तुरीतून गार वारा सुटला. तुळशीरामाचं अंग हलकं होतं, हात पक्का होता. शेवटच्या खड्ड्यापर्यंत अकोलेवाला आन् हा बरोबरीत. राह्यला हातभर अंतराचा टोला. पोरासोरानं मारावा असा.

चेंडू खड्ड्याच्या कडेनं निघून गेला. कप अकोल्याले गेला.

तो बांधावर आला. सत्यभामाले त्याच्याकडं पाहवेना. "पोट दुखलं का?"

"नाई."

"हात थरथरला?"

"नाई."

"मंग?"

"चेंडूकडं पाहा लागते, सत्यभामा. मी तुह्या हाताकडं पाहत होतो."

बांधलेला हात तिनं पदराखाली घेतला... मग पुन्हा बाहेर काढला, त्याले दिसंल असा.

मागून अन्नपूर्णाबाई आली. हातात पोळ्यायचं गाठोडं. लेकाजवळ बसून तिनं गाठ सोडली, पोळी उचलली, आन् जो हात उभ्या जन्मात कोणाच्या पानाशी थांबला नव्हता तो तिथंच थांबला. तिनं मान वर करून पाहिलं.

"आता वाढू का, सूनबाई?"

सत्यभामाचे डोळे भरून आले. तरी ती म्हणाली, "पयले पानी, आत्याबाई. घोट घोट. मंग वाढा."