लिफ्ट नसलेली इमारत

त्याने तक्ता पाठ केलाय, हे तिला तिसऱ्या ओळीलाच कळलं.

चष्म्याच्या दुकानामागे एक अरुंद, अंधारी खोली होती. तिथे बसून ती लोकांचे नंबर काढायची. ज्याला खरंच वाचायचं असतं त्याची मान नकळत पुढे येते, डोळा बारीक होतो. हा मात्र डावा डोळा झाकून, आरामात रेलून भराभर अक्षरं म्हणत होता.

तिने बटण दाबलं. भिंतीवरचा तक्ता बदलला.

"आता वाचा."

त्याची मान पुढे आली, डोळा बारीक झाला.

"आधीचा चांगला होता," तो म्हणाला.

"बाहेर बसल्या बसल्या पाठ केलात?"

"दार उघडं होतं… म्हटलं, वेळ आहे तर अभ्यास करू. मी लिफ्ट दुरुस्त करतो. नजर अधू निघाली तर वरिष्ठ शाफ्टमध्ये उतरू देणार नाहीत."

"चष्मा लावून गेलात की देतील."

"तुम्हीच लिहा ना डॉक्टर, नजर उत्तम म्हणून."

"मी डॉक्टर नाही. आणि मी किती बोटं दाखवतेय तेही तुम्हाला दिसत नाहीये."

"बोटं नाही दिसत… पण तुम्ही हसताय, ते कळतंय."

ती हसत होतीच. अंधाराचे आभार मानून तिने त्याच्या नाकावरच्या जड चौकटीत काच सरकवली. "ही बरी, की ही?"

"परत दाखवा."

तिने परत दाखवली.

"अजून एकदा…"

"तक्त्याकडे बघून सांगायचं असतं. माझ्याकडे नाही."

चष्मा घेऊन तो गेला आणि आठवड्याभरात स्क्रू सैल झाला म्हणून परत आला. मग पुन्हा आला. गल्ल्यावर बसणारी तिची ताई तिसऱ्या खेपेला म्हणाली, "या लिफ्टवाल्याच्या चष्म्याचाच स्क्रू सैल आहे, असं मला काही वाटत नाही."

मग दोघं दुकान बंद झाल्यावर एकत्र चालत निघू लागली. कधी पाऊस असला की बसथांब्याच्या पत्र्याखाली थांबायची. तो भिजलेला चष्मा काढून न बोलता तिच्यापुढे धरायचा, ती रुमालाने पुसायची. पुसून झाला तरी थोडा वेळ स्वतःजवळच ठेवायची, कारण चष्म्याशिवाय तो तिच्याकडे बघायला जरा जवळ यायचा.

फोनवर एकमेकांना आपलं ठिकाण सतत दिसू द्यायचं, ही कल्पना तिची.

"शाफ्टमध्ये उतरतोस. मला काळजी वाटते."

"बरं," तो म्हणाला, आणि तिच्या फोनमधल्या नकाशावर एक निळा ठिपका आला.

सुरुवातीला तो ठिपका तिला सोबतीसारखा वाटायचा. आता पुलावर… आता इस्पितळात… आता जेवायला बसला असेल. मग तो मध्येच नाहीसा व्हायला लागला. चारी बाजूंनी लोखंड आणि काँक्रीट असेल तिथे सिग्नल पोचत नाही. ती भौतिकशास्त्र शिकलेली होती, त्यामुळे हे तिला पुरतं ठाऊक होतं. तरी ठिपका गेला की ती पुन्हा पुन्हा फोन बघायची. खुर्चीतला माणूस "दुसरी काच बरी" म्हणायचा आणि ती विचारायची, "काय म्हणालात?"

वसंतात त्याची सुपरवायझरची परीक्षा झाली. एका संध्याकाळी उपाहारगृहात समोर बसत तो म्हणाला, "निकाल लागला." तिने आनंदाने फोन उचलून त्याचा फोटो काढला, 'आमचे नवे साहेब!' असं लिहून तिथल्या तिथे टाकलाही. टेबलावर फोन थरथरत राहिला. त्याच्या आईने लिहिलं, मावशीने लिहिलं, कामावरच्या पोरांनी पार्टी मागितली. फोटोत तो हसत होता.

त्यानंतर तो गप्प गप्प झाला. आणि दर मंगळवारी, शुक्रवारी संध्याकाळी निळा ठिपका शहराच्या दुसऱ्या टोकाला, एकाच इमारतीवर जाऊन थांबायला लागला.

"काल कुठे होतास?" तिने एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कामावरच. इस्पितळाची लिफ्ट… नेहमीचीच रड."

ठिपका इस्पितळाच्या आसपासही नव्हता.

"सरळ विचार ना त्याला," ताई म्हणाली.

"विचारलं, आणि त्याने खरं सांगितलं तर?"

ताईने पावतीपुस्तक मिटलं. "तू तपासत बसतेस, म्हणून तुला वाटतं की विचारायची गरज नाही. जा बाई, एकदा काय ते करून ये. तुझ्या तोंडाकडे बघवत नाही."

शुक्रवारी ती लवकर निघाली. दोन बस बदलल्या. सारा रस्ता तिची नजर नकाशावर. दार कोण उघडेल, ती आपल्यापेक्षा उंच असेल का, आपण काय बोलू… यातल्या एकाचंही उत्तर नकाशा देत नव्हता. ठिपका जागचा हलत नव्हता, आणि आज तो हलावा असं तिला फार वाटत होतं.

इमारत जुनी, चार मजल्यांची निघाली. प्रवेशदारातून आत जाऊन तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. जिना होता. लिफ्ट नव्हतीच.

म्हणजे कामाचा प्रश्नच संपला. ती भिंतीला टेकून उभी राहिली. वर जावं की परत फिरावं, काहीच सुचेना. तेवढ्यात फोन वाजला. त्याचा निरोप.

'मगापासून खालीच उभी आहेस. येऊ का मी?'

तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तिचाही ठिपका त्याला दिसत होता. इतक्या आठवड्यांत हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

जिन्यावर पावलं वाजली. तो खाली आला. शर्टाच्या बाहीला खडू लागला होता.

"तू… इथे…" ती म्हणाली.

"शिकवणीला येतो." तो शेवटच्या पायरीवर थांबला. "मी नापास झालोय. गणितात."

"पण तूच म्हणालास—"

"निकाल लागला, इतकंच म्हणालो होतो. पुढचं बोलणार तेवढ्यात तू फोन वर केलास. मला वाटलं, फोटो झाला की सांगू. मग आईचा फोन आला, ती रडत होती आनंदाने. मग मावशी…" त्याने चष्मा काढला, पुन्हा घातला. "सगळ्यांनी इतकं अभिनंदन केलं, की मग खरं सांगायला जागाच राहिली नाही."

वरून एक मुलगी कठड्यावर वाकली. "काका, सर विचारतायत, येताय ना?"

"आलो गं." मग हिच्याकडे वळून तो हळूच म्हणाला, "वर्गात सगळी शाळकरी पोरं आहेत. चष्मा नव्हता तेव्हा लोक दादा म्हणायचे मला."

तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले, दोन्ही एकदम. "मला वाटलं, इथे कुणीतरी… मी तुझ्या मागावर आले. चोरासारखी."

"कळलं मला. दुसऱ्या बसमध्ये चढलीस तेव्हाच." थोडं थांबून तो म्हणाला, "राग नाही आला, असं नाही. पण त्याहून… आधी तू दिवसातून चारदा विचारायचीस, कुठे आहेस, जेवलास का, काय चाललंय. ठिपका आल्यापासून विचारायचंच सोडलंस. मला ते विचारणं आवडायचं."

तिने फोन काढला. ठिकाण दाखवणं बंद करायच्या बटणावर अंगठा नेला, पण तो खाली जाईना. ठिपका गेला, की मग हा माणूस कुठे आहे ते कुणीच सांगणार नव्हतं. "मला भीती वाटते रे," ती म्हणाली.

"मलाही. आईला सांगायची, तुला सांगायची… तू जाशील याची सर्वात जास्त." त्याने बोट पुढे केलं नाही, घाई केली नाही. नुसता तिच्या शेजारी उभा राहिला.

तिने बटण दाबलं. नकाशावर नुसते रस्ते उरले.

"तो फोटो काढून टाकू?"

"राहू दे. आईला आज मीच सांगतो. मग काय हवं ते लिही खाली." आणि जिना चढता चढता तो वळला. "शिकवणी सुटली की फोन करतो."

परतीच्या बसमध्ये तिने फोन किती वेळा काढला आणि परत ठेवला, ते तिचं तिलाच ठाऊक. घरी आली. ताईने नुसती भुवई उडवली, ती नुसती मानेने 'नंतर' म्हणाली. शिकवणी सुटायची वेळ टळून गेली… फोन आला नाही. ती खिडकीत जाऊन उभी राहिली. आत येऊन बसली, पुन्हा उठली. शेवटी फोन वाजला.

"कुठे आहेस?"

"बसथांब्यावर. आईशी बोलत होतो, म्हणून उशीर. आधी रडली, मग ओरडली, मग म्हणाली, जेवून घे."

त्याच्या आवाजामागे बसचे हॉर्न ऐकू येतात का, याकडे तिने कान लावला होता. तिच्या ते लक्षात आलं, आणि तिने फोन दुसऱ्या कानाला घेतला.

"आणि तू? तू कसा आहेस?"



"लांबलचक आहे," तो म्हणाला. "बस येऊन जाईल."

"जाऊ दे," ती म्हणाली. "सांग."