सर्व्हर आपला आपण उठला

विसरलेला डबा न्यायला शेवंती रविवारी वागळे इस्टेटमधल्या औषध कंपनीत आली, तर संगणकाच्या खोलीत कुणीतरी गुणगुणत होतं.

"रविवारी कामाला? घरचे हाकलतात की काय?"

गुणगुणणारा सहदेव दचकला. कंपनीचे संगणक तोच सांभाळायचा. "घरचे नाही, हा सर्व्हर. सगळं ऑफिस याच्यावर चालतं. नव्या दुरुस्त्या चढवून याला बंद-चालू करायचं, तर रविवारीच मोकळा सापडतो."

"आणि तुम्ही?"

"मी... कधीच नाही."

शेवंती तिथेच प्रोग्रॅम लिहायची. पुढच्या रविवारी ती पुन्हा आली — बोंबलाचं कालवण घेऊन! त्याच्याही पुढच्या रविवारी आली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही.

सत्त्याण्णवच्या भाद्रपदात ती म्हणाली, "बाबा म्हणतात, दसरा झाला की मुलाने कोलशेतला घरी यावं. रविवारी."

"रविवारी मी इथे अडकलेला..."

"मग याचं याला करायला शिकवू या की!"

दोघांनी मिळून प्रोग्रॅम लिहिला. शनिवारी फ्लॉप्या भरून ठेवायच्या. रविवारी बाराला सर्व्हरने दुरुस्त्या लावून घ्यायच्या, बंद होऊन पुन्हा उठायचं आणि प्रिंटरवर एक ओळ छापायची. साहेबांनी बजावलं, "दसऱ्यानंतरच्या रविवारी संध्याकाळपर्यंत जमलं तर ठीक. नाहीतर दर रविवारी तू इथेच!"

त्या रविवारी सहदेव कोलशेतला पाटावर बसतो न बसतो, तोच वॉचमन पोपटचा फोन आला. "कागद कोराच आहे, साहेब."

रिक्षाने दोघं धावत पोचले. खंडेनवमीच्या पूजेतला नारळ कुणीतरी भक्तिभावाने थेट कीबोर्डवर ठेवला होता! कळ दाबली गेलेली, आणि चालू होताना सर्व्हर तिथेच ताटकळलेला.

सहदेव नारळ उचलणार, तोच शेवंती म्हणाली, "एवढ्यावर अडला, तर शिकला काय?"

नारळ बाजूला ठेवून, कीबोर्डसाठी थांबायचं नाही, असं तिने सर्व्हरला समजावलं. पाच मिनिटांनंतरची वेळ लावली, नारळ पुन्हा होता तिथे ठेवला, आणि सहदेवला हात धरून बाहेर काढलं.

दाराच्या काचेतून दोघं बघत राहिले. पडदा काळा झाला... काळाच राहिला... मग उजळला. प्रिंटर खडखडला!

"जमलं गं!" सहदेव ओरडला. "चल, आता बाबांना विचारतो."

शेवंतीने हात सोडवला नाही, पण पाऊलही उचललं नाही. "बाबांना विचारशील रे. मला विचारलंस का कधी?"

सहदेवचे कान तापले. "शेवंती... करशील माझ्याशी लग्न?"

"करीन," ती म्हणाली. "चल लवकर, आई जेवायची थांबलीय."