चौथी काठी

चार वर्षं तिने त्याला खालूनच पाहिलं होतं. पूर्वी कारखाना असलेल्या त्या हॉलमध्ये, छताजवळच्या लोखंडी गॅलरीत तो दिवे सांभाळायचा आणि खाली ती लग्नांचे फोटो काढायची. मध्ये तीस फूट हवा आणि वाजंत्र्यांचा गोंगाट, म्हणून बोलणं सगळं हातांनी. बोट वर – उजेड वाढवा. पालथा पंजा – कमी करा. बंद मूठ – आहे तस्संच राहू द्या, हलू नका. एवढ्या तीन खुणांवर आपला जीव जडलाय हे तिने कुणाला सांगितलं असतं, तर लोकांनी तिला वेड्यातच काढलं असतं.

आणि आज त्याचा इथला शेवटचा दिवस होता. दूरच्या शहरातल्या एका नाट्यगृहाने त्याला बोलावलं होतं. संध्याकाळी सहाची गाडी. हे तिला हॉलच्या मॅनेजरबाईंकडून कळलं, सकाळी, चहा पिता पिता. चहा तसाच निवून गेला.

पण लग्न कुणासाठी थांबतं? आजचं लग्न ज्यू कुटुंबातलं होतं. वसंतातली दुपार, काचेच्या छतातून सिमेंटच्या जमिनीवर उतरलेलं ऊन, गंजक्या खांबांवर चढवलेली पांढरी फुलं. त्यांच्यात नवरा-नवरी हुप्प्याखाली, म्हणजे चार काठ्यांवर ताणलेल्या छताखाली, उभे राहतात. आणि या घरची रीत अशी, की त्या काठ्या चार माणसांनी हातात धरायच्या. तिघे तयार होते. चौथे, नवरीचे मामा, त्यांची सामान उचलताना कंबर धरली होती. ते खुर्चीत बसून फक्त सल्ले देत होते. उंच माणूस बघा, हाही त्यांचाच सल्ला. नवरीच्या आईने मान वर केली आणि थेट गॅलरीतल्याला हाक मारली.

तो खाली आला. कानामागे पेन्सिल, भुवईजवळ जुनी खोक, चेहऱ्यावर चोरी पकडल्यासारखा भाव... तिला खालून कधीच न दिसलेलं सगळं. कुणीतरी त्याला आखूड बाह्यांचा कोट चढवला, डोक्यावर छोटी गोल टोपी ठेवली.

"मी काय करायचं?" त्याने तिला विचारलं. चार वर्षांतलं पहिलं वाक्य.

"काठी सरळ धरायची. आणि... कॅमेऱ्याकडे बघायचं नाही."

"मग कुठे बघू?"

"नवरा-नवरीकडे. लग्न त्यांचं आहे."

वीस मिनिटं तो काठीला बांधलेला आणि ती मोकळी. कामाच्या नावाखाली डोळे भरून पाहून घ्यावं, एवढाच तिचा लोभ. धर्मगुरूंनी आशीर्वाद म्हटले, बोटात अंगठी गेली, नवरदेवाने कापडात गुंडाळलेला काचेचा पेला टाचेखाली फोडला आणि हॉल दणाणून गेला. मग रीतीप्रमाणे नवरा-नवरी एका खोलीत दहा मिनिटं दोघंच बसायला गेले. दार बंद झालं. फोटोग्राफरला दिवसभरात मिळते ती तेवढीच उसंत.

तिने फोटो तपासले आणि कपाळावर हात मारला. पहिल्यापासून शेवटपर्यंत तिघांची नजर नवरा-नवरीवर आणि चौथ्याची सरळ कॅमेऱ्यात. पेला फुटतानासुद्धा.

तो कोट परत करत होता. तिने स्क्रीन त्याच्यापुढे धरली. "आता नवरीच्या आईला मी काय सांगू? एवढं बजावलं होतं तुम्हाला."

"कॅमेऱ्याकडे नव्हतो बघत," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले. "वरून तुमचा नुसता भांग दिसतो हो... चार वर्षं. म्हटलं, जायच्या आधी..."

सकाळपासून जुळवलेलं वाक्य तिच्या ओठांवर आलं – आणि खोलीचं दार उघडलं. वाद्यं सुरू झाली, पाहुण्यांनी नवरा-नवरीला खुर्च्यांसकट खांद्यावर घेतलं, आणि तिला स्टुलावर चढावं लागलं. सात-आठ फोटो झाले. मग तिची नजर दाराकडे गेली. पिशवी खांद्याला लावून तो निघाला होता. चार वर्षांच्या सवयीने त्याने दारात वळून एकदा तिच्याकडे पाहिलं. पुढची खूण काय, म्हणून.

तिने हाक मारली; ती वाद्यांत बुडाली. तिने कॅमेरा गळ्यात सोडला, हात उंच केला आणि मूठ बंद केली.

तो होता तिथेच थांबला. पिशवी खाली ठेवली. मग मनगटावर बोट टेकवून त्याने विचारलं – किती वेळ?

याची खूण त्यांच्याकडे नव्हती. ती स्टुलावरून उतरली आणि नाचणाऱ्यांतून वाट काढत निघाली. मामांनी खुर्चीतून आठवण केली, फोटो राहतील म्हणून. काढलेत, एवढंच ती म्हणाली.

त्याच्यासमोर उभी राहिली तेव्हा हातात कॅमेरा नव्हता, तोंड लपवायला काहीच नव्हतं.

"जाऊ नकोस," ती म्हणाली. "तू मला आवडतोस... फार दिवसांपासून."

"सहाची गाडी आहे."

"गाडी उद्याही असते."

"आणि उद्या?"

"उद्याही मी हेच सांगेन."

सहाची गाडी त्या दिवशी अगदी वेळेवर सुटली, असं त्याला दुसऱ्या दिवशी कळलं.